गडबड नको

सरकारी प्रशिक्षणात दुपारच्या जेवणानंतरचा तास कुणालाच नको असतो, म्हणून तो माझ्यासारख्या नाटकवालीला मिळतो. सकाळी जमीन महसूल संहिता, मग गौण खनिज, मग पंगतीत श्रीखंड-पुरी, आणि दोन वाजता फळ्यावर 'संवाद कौशल्य'. समन्वयकांनी आधीच फोन करून ठेवला होता, "मॅडम, हलकंफुलकं ठेवा. पोरं जागी राहिली तरी खूप झालं."

वर्ग परिविक्षाधीन नायब तहसीलदारांचा. तीसेक जण असतील. काही थेट एमपीएससीतून आलेले, काही आधी तलाठी, कुणी पीएसआय होऊन पुन्हा परीक्षा देऊन इथवर पोचलेले. शर्ट कडक, बूट नवे, आणि 'साहेब' ही हाक कानाला गोड लागायला नुकती सुरुवात झालेली. त्यांच्यासाठी मी 'घाशीराम कोतवाल' घेऊन गेले होते.

बहुतेकांना या नाटकातली ब्राह्मणांची ती डोलणारी रांग आठवते, कीर्तनातून लावणीत घसरणारं संगीत आठवतं, नाना फडणवीसाचा तोल सावरत केलेला नाच आठवतो. मला त्यातलं ऑफिस आठवतं. कोतवाली, म्हणजे शहराचा बंदोबस्त, हातात आल्यावर घाशीराम परवाने सुरू करतो. रात्री घराबाहेर पडायचं, परवाना. प्रेत जाळायचं, परवाना. घरात शेजारी बसलेली बाई खरंच तुझी बायको आहे का, दाखव पुरावा. पुणं आधी कागदाला घाबरतं, फटक्यांची पाळी नंतर येते. महसूल खात्याच्या माणसांपुढे हे नाटक ठेवायला याहून वेगळं निमित्त मला लागत नाही.

"किती जणांनी वाचलंय?" एकही हात वर आला नाही. मग मागून एक आवाज, "विजय तेंडुलकर, 1972. परीक्षेला आलं होतं." सगळे हसले. मी म्हटलं, बरोबर, 16 डिसेंबर 1972 ला पहिला प्रयोग झाला, पुण्यात, भरत नाट्य मंदिरात, दिग्दर्शक जब्बार पटेल. भरत नाट्य मंदिर म्हटल्यावर मात्र अर्धा वर्ग सरसावून बसला. सदाशिव पेठेत राहून अभ्यास केलेली ती पोरं होती. एक म्हणाला, "मॅडम, भरतपासून दोन गल्ल्यांवर माझी अभ्यासिका होती. कॉट बेसिसवर राहायचो."

"आत नाटक बघायला गेलास कधी?"

"तिकिटाच्या पैशात दोन दिवसांची मेस व्हायची."

हा वाशीमचा. उंच, खणखणीत आवाजाचा, बोलताना हात मोकळे टाकणारा. तेव्हाच मनात त्याला कोतवाल करून टाकलं.

गोष्ट सांगितली. कनोजहून आलेला ब्राह्मण घाशीराम पुण्यात गुलाबी नावाच्या नाचणारणीच्या कोठीवर पडेल ते काम करतो. तिथे नाना फडणवीस येतो, नाचता नाचता त्याचा पाय मुरगळतो, घाशीराम त्याला आधार देतो आणि नाना खूश होऊन गळ्यातला कंठा त्याच्या अंगावर टाकतो. तो कंठा गुलाबी माणसं लावून हिसकावून घेते. घाशीराम दक्षिणेच्या आशेनं रमण्यावर, म्हणजे ब्राह्मणांना दक्षिणा वाटायच्या जागी जातो, तर तिथे त्याच्यावर चोरीचा आळ येतो. मार, मग कोठडी. सुटताना तो शपथ घेतो की याच पुण्यात डुकरांचं राज्य आणीन.

नाटकावर बोलणारे इथून सरळ सूडाच्या धाग्यावर जातात. मला दरवेळी तो कंठाच आठवतो. नानानं तो दिला हे खरं, पण दिल्याचा पुरावा काय? वरच्यानं खुशीत दिलेली वस्तू खालच्याकडून कुणीही काढून घेऊ शकतं आणि वर त्यालाच चोर ठरवू शकतं, हा धडा घाशीराम पहिल्याच रात्री शिकतो. म्हणून पुढे नानाची नजर त्याच्या मुलीवर, गौरीवर पडते आणि सौदा ठरायची वेळ येते, तेव्हा तो दागिना मागत नाही. तो कोतवालीचा हुकूम मागतो. ज्याला पेठेनं दाराबाहेर उभं केलं, त्याला आता सही-शिक्क्याचं काहीतरी हवं असतं.

वाशीमच्या पोरानं मान हलवली. "उपऱ्याला कागदच लागतो, मॅडम. आम्हाला तर भाडेकरार पण नव्हता. मालक बोलायचा, उद्या खाली कर. करायची."

नानाला हुकूम देणं जड जात नाही. घाशीराम निघून गेल्यावर तो जे बोलतो, त्याच्यासाठी मी सगळं नाटक पुन्हा पुन्हा वाचत आलेय. आशय असा, की तू उपरा. पुण्याचे ब्राह्मण तुला आपला म्हणणार नाहीत आणि तू त्यांच्याशी संगनमत करू शकणार नाहीस. तू माझ्याच दाराशी बांधलेला राहशील. आणि माझी पापं तुझ्या खात्यावर जमा होतील. कोतवालाची नेमणूक होतानाच त्याचा शेवटही ठरून गेलेला असतो, फक्त तारीख टाकायची राहिलेली असते.

इतकं झाल्यावर खुर्च्या भिंतीला लावायला सांगितल्या. दुपारची सुस्ती घालवायला खुर्च्या हलवण्यासारखं औषध नाही.

वीसेक जणांची रांग केली. ती रांग म्हणजे मूळ प्रयोगातली ती गाजलेली माणसांची भिंत. प्रेक्षकाकडे तोंड केलं की गाणारी, पाठ केली की पडदा. पाठ फिरली की पलीकडे काय चाललंय ते दिसत नाही, आणि न दिसणारे तिथेच उभे असतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगितली: कधी वळायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी खूण करणार नाही.

वाशीमकर कोतवाल झाला. कारकून व्हायला सांगलीकडचा एक आपणहून पुढे आला, आधी तलाठी होता म्हणे. नाना म्हणून रत्नागिरीकडच्या एका किडकिडीत, अबोल पोराला बसवलं. तो म्हणाला, "मॅडम, मला ॲक्टिंग येत नाही." म्हटलं, नानाला करायची गरज नसते, नुसता बस. आणि नागरिक झाली हिंगोलीची एक मुलगी. घरात बाळंतीण अडलीय, रात्री फिरणं बंद झाल्याची तोफ झालीय, सुईणीला आणायला जायचंय, परवाना हवा. एवढाच प्रसंग. हा नाटकात असा नाही, मी रचलेला.

सुरू करण्याआधी नानाला बाजूला घेऊन सांगितलं, कोतवालाच्या कानात एक वाक्य सांग. कुठलंही. मला सांगू नकोस. त्यानं थोडा विचार केला, उठला, वाशीमकराच्या कानाशी लागला आणि परत खुर्चीत येऊन बसला. मांडीवर हात, नजर खिडकीबाहेर.

पहिली पाच मिनिटं धमाल होती. मुलगी आली, कारकून मान वर न करता म्हणाला, "टोकन?" हशा. "अर्ज कुणाच्या नावे केलाय? कोतवाल साहेबांच्या? अहो, मार्फत लिहिलं नाही." ती म्हणाली, बाळंतीण अडलीय. "अडलीय याचा दाखला?" पुन्हा हशा. "सुईणीचं संमतीपत्र? स्वयंघोषणापत्र? बाळंतीण आणि तुमचं नातं? शिधापत्रिकेत नाव आहे का?" पेशवाईत शिधापत्रिका कुठून आली हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सगळे आपल्याच टेबलावर बसले होते.

मग हसू हळूहळू कमी झालं, कारण मुलगी हसत नव्हती. तिनं आधी विनंती केली, मग आवाज चढवला, मग कारकुनाला हळूच विचारलं, "दादा, काय लागेल ते सांगा ना." कारकून क्षणभर गडबडला. त्यानं कोतवालाकडे बघितलं. कोतवाल मागे येरझाऱ्या घालत होता. तो ओरडला, "आज परवाने बंद!"

"कुणी बंद केले?"

"वरून आदेश आहेत."

'वरून' म्हटल्यावर रांगेतल्या दोघांनी पाठ फिरवली. मग आणखी चौघांनी. मग सगळ्यांनीच. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलगी एका बाजूला, ऑफिस दुसऱ्या बाजूला, मध्ये वीस पाठी. तिनं वाट काढायचा प्रयत्न केला तर भिंत घट्ट झाली. शेवटी ती खाली फरशीवर बसली. म्हणाली, "मी हलणार नाही. उचलून फेकायचं असेल तर फेका."

आणि कोतवाल तापला. खरोखर तापला. त्याचा आवाज बदलला, 'बाई'वरून तो 'ए बाई'वर आला, मग 'ऊठ तिथून' वर. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. अभिनय कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ती रेष मला कामात सतत सांभाळावी लागते. मी थांबवायला हात वर करणार, तेवढ्यात दार उघडून समन्वयक आत आले.

साधा माणूस, हातात हजेरीपट. त्यांना फक्त सह्या घ्यायच्या होत्या.

वाशीमकर वाक्याच्या मध्यात थांबला. हात खाली, टाच जुळलेली, "सर." कारकून उभा. भिंत विस्कटून तीस जणांची रांगेत उभी फलटण झाली. खिडकीबाहेर बघणारा नानासुद्धा उठला. एका क्षणापूर्वी छत उडवेल असा आवाज लावणारा कोतवाल आता शर्ट खोचत होता. फरशीवर बसलेली ती मुलगी तेवढी बसून होती. तिनं मान वळवून समन्वयकांकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, परवाना पाहिजे."

समन्वयक गोंधळले. "कसला?"

वर्ग फुटला. हसण्याची ती लाट ओसरायला वेळ लागला. समन्वयकही हसले, हजेरीपट टेबलावर ठेवून मागच्या खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." ते बसल्यावर मात्र कोतवालाला तो आवाज पुन्हा लावता येईना. मीही त्याला लावायला सांगितलं नाही. जे व्हायचं ते झालं होतं, आता त्याचा हिशेब करायचा होता. मी जाहीर केलं, "बाळंतीण गेली. लोक वाड्यावर आलेत. नाना, बोला."

रत्नागिरीकर उभा राहिला. कोतवालाकडे बघत शांतपणे म्हणाला, "कोणाच्या आदेशानं परवाने बंद केलेत?"

"तुमच्याच! तुम्ही कानात सांगितलं!"

"मी काय सांगितलं, ते सगळ्यांना सांगा."

वाशीमकरानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग पडलेल्या आवाजात म्हणाला, "आज वाड्यावर गाणं आहे, गडबड नको."

"परवाने बंद करा, असं म्हटलं का मी? सुईण अडवा, असं?"

वर्गात कुणी काही बोललं नाही. मला वाटतं त्या शांततेत प्रत्येकाला आपापला एखादा फोन आठवत असावा. मीसुद्धा हा प्रयोग बऱ्याच ठिकाणी केलाय. बँकेतल्या लोकांबरोबर, शिक्षकांबरोबर. नाना झालेला माणूस बहुतेक वेळा कानात क्रूर काहीतरी सांगतो, 'फोडून काढ' वगैरे, कारण त्याला वाटतं खलनायक असाच असतो. या मुलानं सांगितलेलं वाक्य इतकं निरुपद्रवी होतं की ते कुठल्याही चौकशीत टिकलं असतं. गडबड नको. यात आक्षेपार्ह काय? उरलेलं सगळं कोतवालानं स्वतःच्या डोक्यानं त्यात भरलं, साहेबांना काय हवं असेल याचा अंदाज बांधून, आणि अंदाज कमी पडू नये म्हणून दोन पावलं पुढे जाऊन.

मी त्याला विचारलं, हे वाक्य सुचलं कसं? तो म्हणाला, "माझे वडील शिपाई होते, मॅडम. त्यांचे साहेब असंच बोलायचे. पूर्ण वाक्य कधीच नाही."

मग चर्चा पेटली, आणि मला तीत फार बोलावं लागलं नाही. ही पोरं कायदा पाठ करून आलेली. एकानं लगेच सांगितलं की वरिष्ठांचे निर्देश लेखी असावेत, तोंडी दिले असतील तर नंतर लेखी करून घ्यावेत, हे वर्तणूक नियमांतच आहे. दुसऱ्यानं 31 ऑक्टोबर 2013 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांची ती याचिका, ज्यात कोर्टानं सांगितलं की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर काम करू नये, आदेशाची नोंद व्हावी. मागून कुणीतरी म्हणालं, "निकाल सगळ्यांनाच पाठ आहे भावा. रात्री साडेअकराला फोन आल्यावर साहेबांना म्हणशील का, जरा ईमेल टाका?"

कारकून झालेल्या सांगलीकरानं वेगळाच मुद्दा मांडला, आणि तो मला आजही खोडून काढता येत नाही. 2019 च्या पुराच्या वेळी तो तलाठी होता. म्हणाला, "त्या आठवड्यात सगळं काम तोंडी चाललं होतं. शाळा उघडा, बोटी तिकडं पाठवा, जनावरं हलवा. कागद मागत बसलो असतो तर माणसं मेली असती. कागद नंतर झाले. आणि झाले की, कुणी अंग काढून घेतलं नाही." मी म्हटलं, मग फरक कुठे आहे? तो डोकं खाजवत म्हणाला, "तेव्हा साहेब पण पाण्यात होते, मॅडम. वाड्यावर गाणं नव्हतं."

मी भिंतीतल्या लोकांना विचारलं, तुम्ही पाठ का फिरवलीत? सगळ्यात प्रामाणिक उत्तर एका जाडसर चष्म्याच्या मुलानं दिलं, "बाजूचा वळला, मग मी एकटा तोंड करून काय करू?" तेंडुलकरांनी या रांगेला नाव दिलं नाही, चेहरा दिला नाही, आणि नाटकातला सगळ्यात जास्त वेळ रंगमंचावर तीच असते. घाशीराम फटके मारतो तेव्हा ती गाते. घाशीरामाला दगड मारायची वेळ येते तेव्हाही तीच असते. सत्ता नानाच्या हातात आहे असं आपण म्हणतो, पण ही रांग ज्या क्षणी जिकडे वळते तिकडे नानाला बघावं लागतं. शेवटी तो घाशीरामाला सोडतो ते काही न्यायबुद्धी जागी झाली म्हणून सोडत नाही. बंदिखान्यात तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, जमाव वाड्यावर चालून आला, आणि हिशेब बदलला. इतिहासातला घाशीराम सावळदासही असाच गेला. 1777 पासून पुण्याचा कोतवाल, आणि 1791 च्या ऑगस्टअखेर, तेलंगी ब्राह्मण कोंडून मारल्याच्या प्रकरणात, लोकांच्या दगडांखाली. तेंडुलकर स्वतः म्हणत की हे ऐतिहासिक नाटक नव्हे. तरी नानाची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनंच ते थांबवलं होतं. करणारी मंडळी बाहेर पडली, 1973 मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि 1974 पासून नाटक पुन्हा उभं राहिलं. हे सांगितल्यावर एकानं विचारलं, "थांबवायचा आदेश लेखी होता का?" त्यांना आता सगळीकडे तेच दिसायला लागलं होतं.

अजून वेळ उरला होता. मी पाच-सहा जणांचे गट केले आणि म्हटलं, तुमच्या भाषेत काम करू या. घाशीराम दगडांखाली मेला नाही, निलंबित झाला असं समजा. शिस्त व अपील नियमांतल्या नियम 8 खालची विभागीय चौकशी लावायची आहे. दोषारोपपत्र तयार करा, चारही जोडपत्रांसह.

माझ्या नाट्यशिबिरांत पोरं इतकी एकाग्र कधी पाहिली नाहीत. कागदाचा खसखस आवाज, 'अपचारी', म्हणजे ज्याची चौकशी लागलीय तो, या शब्दावर वाद, 'कर्तव्यपरायणता न राखणे' की 'शासकीय सेवकास अशोभनीय वर्तन', दोन्ही लाव रे. समन्वयकही एका गटात जाऊन बसले आणि वाक्यं दुरुस्त करायला लागले. ते त्यांचं खरं क्षेत्र. नाटकात ज्याच्या हातावर तापलेलं लोखंड ठेवून कबुली काढतात तो ब्राह्मण सगळ्यांच्या पहिल्या जोडपत्रात होता. गुदमरून मेलेले तेलंगी होते. परवान्यांची मनमानी होती.

गौरी मात्र जवळजवळ कुठेच नव्हती.

मी काही बोलले नाही, पण मनात आलं की नाटकातही तसंच आहे. नाना तिला वापरतो, ती सुईणीकडे मरते, आणि तिच्यासाठी एकही माणूस वाड्यावर चालून येत नाही. बाप येतो, थयथयाट करतो, आणि नाना त्याला देवाधर्माची चार वाक्यं ऐकवून परत पाठवतो. कोतवाली टिकते. ज्या गुन्ह्यातून हे सगळं उगवलं त्याचं प्रकरणच उभं राहत नाही. घाशीरामाला शिक्षा होते, ती दुसऱ्याच मरणांसाठी. शेवटच्या क्षणी तो स्वतःहून मार मागतो, ते पोरीच्या मरणासाठी. त्या दगडांखाली पोरीचा हिशेब फक्त त्याच्याच डोक्यात असतो. तेंडुलकरांनी हे ठरवून केलंय, आणि मला ते सबंध नाटकातलं सगळ्यात कडू वाटतं.

हिंगोलीच्या मुलीच्या गटानं गौरीला घेतलं होतं. त्यांचा पहिलाच दोषारोप होता, की अपचाऱ्यानं स्वतःच्या अल्पवयीन मुलीच्या मोबदल्यात शासकीय पद मिळवलं. 'अल्पवयीन' कुठून आणलंत, असं समन्वयकांनी विचारलं. ती म्हणाली, "सर, जन्माची नोंद सापडत नाही. संशयाचा फायदा तिला दिला." समन्वयकांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "ठेवा."

मग त्यांची गाडी जोडपत्र तीनवर अडली. पुराव्याच्या कागदपत्रांची यादी. त्यांनी सबंध गोष्ट पुन्हा चाळली. हाती लागले दोनच कागद: घाशीरामाच्या नेमणुकीचा हुकूम आणि त्याच्या शिक्षेचा हुकूम. मधल्या काळात नानानं जे हवं ते घेतलं, जे नको ते कोतवालाकडून करवून घेतलं, त्याचा एकही कागद नाही. दोन्ही हुकूम नानाचे, आणि दोन्ही नियमानुसार.

"साक्षीदार?" मी विचारलं.

"रांग," चष्मेवाला म्हणाला. तो याच गटात होता. "पण आम्ही पाठ करून उभे होतो. काही बघितलं नाही."

"आणि नानांचं काय? त्यांना सहअपचारी करा ना."

त्यावर पाचही जण एकदम बोलायला लागले. करता येईल, पण मंजुरी लागेल. फौजदारी करायची तरी लागेल, लाचलुचपत कायद्याच्या कलम 19 मध्येही तेच. कुणाची मंजुरी? पदावरून दूर करण्यास जो सक्षम आहे त्याची. कोतवालाला नेमलं नानांनी, म्हणजे कोतवालापुरते सक्षम प्राधिकारी नानाच. नानांसाठी कोण? "पेशवे," इतिहास घेऊन पास झालेला एक जण म्हणाला. "सवाई माधवराव. पण 1791 ला त्यांचं वय सतरा. कारभार सगळा नानांकडेच."

"तरी रीत ती रीत," हिंगोलीची मुलगी म्हणाली आणि तिनं कोऱ्या कागदावर वळणदार अक्षरात लिहायला घेतलं. खाली वाकून मी वाचलं. प्रति, श्रीमंत पेशवे, पुणे. विषय, श्री. नाना फडणवीस यांच्याविरुद्ध कारवाईस मंजुरी मिळणेबाबत. मग ती थांबली, पेनाचं टोपण दातात धरून समन्वयकांकडे बघितलं. "सर, योग्य मार्गानेच पाठवायचं ना?"

"अर्थात," समन्वयक सवयीनं म्हणाले.

तिनं पेशव्यांच्या नावाखाली आणखी एक ओळ घातली: मार्फत, श्री. नाना फडणवीस.